1990 च्या सुमारास लिहिलेला खेळ विद्यार्थ्यांनी पुन्हा घडवला आहे; मूळ कर्त्याने त्यात कितपत हात घालावा?

बेतीकर (पर्वरी)

नमस्कार. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि 1992 मध्ये नवा पूल होईपर्यंत पणजी आणि बेती यांच्यामधल्या फेरीबोटींवर केवढा भार पडला होता, हे येथील ज्येष्ठ सदस्यांना वेगळे सांगायला नको. त्या दिवसांत, 1990 च्या सुमारास, मी टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात फेरीबोटीवर एक छोटा खेळ लिहिला होता. धक्क्यावर स्कूटर, मोटारी, दुधाचे टेम्पो, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि कचेरीला निघालेली माणसे रांगेत उभी असतात. कोणाला बोटीवर कोठे उभे करायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे, बोट एका बाजूला कलू द्यायची नाही, आणि ओहोटीला धक्क्याचा उतार वाढला की जड वाहनांना चढायला जास्त वेळ लागतो याचा हिशेब ठेवायचा, एवढाच तो खेळ होता. मी तो विकला नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवून घेत तो म्हापसा, फोंडा, मडगाव असा फिरला. पुढे खेळांची रचना हाच माझा व्यवसाय झाला आणि हा पहिला खेळ मागे राहिला.

अलीकडे फोंड्याकडच्या काही विद्यार्थ्यांना एका जुन्या हार्ड डिस्कवर त्याची चालणारी प्रत सापडली. मूळ संहिता, म्हणजे प्रोग्राम लिहिलेला मजकूर, त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनी जुन्या डॉस प्रणालीच्या संगणकाची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये तो खेळ पुन्हा पुन्हा चालवून, प्रत्येक हालचाल मोजून, ब्राउझरमध्ये चालेल असा संपूर्ण खेळ नव्याने लिहिला, आणि मग माझा पत्ता शोधून मला तो पाठवला. त्यांची मेहनत पाहून मला झालेला आनंद मी येथे आवरून लिहीत आहे. स्वतः घडवलेली वस्तू दुसऱ्यांनी इतक्या बारकाईने पाहिलेली असावी, हे माझ्या व्यवसायात फार थोड्यांच्या वाट्याला येते.

अडचण अशी की त्यांनी जे प्राणपणाने जपले आहे, त्यातले काही माझ्या मनातले कधी नव्हतेच. बोट पलीकडे पोहोचेपर्यंत खेळणाऱ्याला काहीही करता येत नाही. पलीकडच्या काठावरची पुढची रांग तयार करायला 4.77 मेगाहर्ट्झच्या एक्सटी यंत्राला, म्हणजे त्या काळच्या मंद पीसीला, वेळ लागे, आणि तो वेळ भरून काढण्यासाठी मी बोटीचा संथ प्रवास पडद्यावर दाखवला होता. आजच्या यंत्राला त्या कामासाठी क्षणभरही लागत नाही. तरीही विद्यार्थ्यांनी तो विराम सेकंदाच्या अंशापर्यंत मोजून तसाच ठेवला आहे. खेळाच्या वेगाचेही तसेच. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मी वेळ काढण्यासाठी रिकामी आवर्तने, म्हणजे काहीच न करता नुसती मोजत राहणारी फेरी, वापरली होती, त्यामुळे यंत्र जितके वेगवान तितका खेळ वेगवान. त्यांनी डॉसबॉक्सचा मुळातला वेग प्रमाण धरला, आणि तो माझ्या यंत्राच्या वेगापेक्षा बराच जास्त आहे. रंगांत मात्र त्यांनी मोकळीक घेतली: सीजीए या जुन्या, मोजक्या रंगांच्या पटलाच्या निळसर, जांभळट आणि पांढऱ्या रंगांऐवजी जांभ्या दगडाचा तांबडा आणि माडांचा हिरवा आला आहे, आणि तो मला फार आवडला.

माझ्याजवळ डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेली संहितेची एक प्रत आणि त्या वेळची टिपणवही आहे. फ्लॉप्यांवर बुरशी चढली आहे. मी त्यांना विराम काढून टाकायला आणि वेग उतरवायला सांगावे काय? की त्यांनी घडवलेली वस्तू आता त्यांची आहे असे मानून स्वस्थ बसावे? खेळांच्या इतिहासाचा अभ्यास असलेल्या सदस्यांनी, इतर रचनाकार अशा प्रसंगी कसे वागले हेही सांगावे.

जुनी यंत्रे (फोंडा)

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण खेळांचे रचनाकार जॉर्डन मेकनर यांचे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ 1989 मध्ये ॲपल टू या संगणकासाठी निघाला. पुढे तो असंख्य यंत्रांवर गेला, पण ॲपलवरची मूळ संहिता मात्र बरीच वर्षे खुद्द कर्त्याच्याही हाती नव्हती. चाहते तिच्यासाठी थांबले नाहीत. 2011 मध्ये एका प्रोग्रामरने ॲपलवरची चालती प्रत उलगडून, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांसारखेच बाहेरून आत जात, तो खेळ कमोडोर 64 या घरगुती संगणकावर आणला. 2012 मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरातल्या एका कपाटात साडेतीन इंची डिस्कांची पेटी सापडली. जुनी चुंबकीय माध्यमे वाचणाऱ्या जाणकारांच्या मदतीने त्यातली 6502 असेंब्लीतली, म्हणजे त्या ॲपलच्या प्रोसेसरच्या भाषेतली, संहिता काढण्यात आली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेकनर यांनी ती गिटहब या संहिता ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवली. तिच्या आधारे 2018 मध्ये बीबीसी मास्टर या ब्रिटिश संगणकासाठीही तो खेळ तयार झाला. मूळ कर्त्याने येथे कोणाच्या कामावर शेरे मारले नाहीत. त्याने आपली कागदपत्रे खुली केली, आणि पुढची माणसे अधिक चांगले काम करू शकली.

आपल्या विरामाच्या प्रश्नावरही त्याच खेळाच्या परिवारात एक उत्तर सापडते. डॉसवरच्या आवृत्तीचे विघटन करून चाहत्यांनी ‘एसडीएल-पॉप’ नावाची मुक्त आवृत्ती तयार केली आहे. मुळातल्या ज्या ज्या विसंगती त्यांना आढळल्या, त्यांच्यावरच्या दुरुस्त्या त्यांनी गुपचूप मिसळून टाकल्या नाहीत. दुरुस्त्या हव्यात की नकोत हे खेळणारा निवडू शकतो, आणि मांडणीच्या फाइलमध्ये एकेक दुरुस्ती स्वतंत्रपणे चालू किंवा बंद ठेवता येते. असे केल्याने कोणती वागणूक मुळातली आणि कोणती नंतरची, याची नोंद आपोआप राहते. आपला विराम आणि आपला वेग या दोन्ही गोष्टी अशाच निवडीच्या ठेवता येतील.

मात्र याहून महत्त्वाची गोष्ट मला वेगळीच वाटते. त्या खेळात राजपुत्राचा एक छायारूपी प्रतिस्पर्धी आहे. अनेकांच्या मते तो खेळाचा गाभा आहे. त्याचा जन्म स्मृतीच्या टंचाईतून झाला. यंत्रात नव्या पात्राची चित्रे ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रे एका बिटाने सरकवून मूळ चित्रांशी एक्सऑर करण्यात आली, म्हणजे दोन्ही चित्रे जेथे वेगळी तेवढेच बिंदू राखले, आणि त्यातून ती चमकती आकृती निघाली. संहिता वाचणाऱ्याला एक्सऑरची आज्ञा दिसेल. ती तेथे का आली, आधी कोणते बेत होते आणि ते का सोडावे लागले, हे संहिता सांगत नाही. हे आपल्याला ठाऊक आहे ते मेकनर यांनी त्या वर्षांत रोजनिशी लिहिली, पुढे ती प्रसिद्ध केली आणि या गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या म्हणून. धावण्याच्या आणि उड्या मारण्याच्या हालचालींसाठी त्यांनी आपल्या धाकट्या भावाचे जे चित्रीकरण केले होते, तेही त्यांनी लोकांना दाखवले आहे.

आपल्याकडे छापील संहिता आहे आणि वहीही आहे. विद्यार्थी मोजमाप आपल्याहून अचूक करतील, कारण त्यांनी ते आजच केले आहे. कारणे मात्र आपल्याशिवाय कोणीच देऊ शकणार नाही. तेव्हा संहितेच्या प्रत्येक भागाशेजारी ‘हे असे का’ ते लिहा. ओहोटीचा उतार कोठून घेतला, बोटीच्या कलण्याचे गणित कसे ठरवले, कोणती कल्पना जागेअभावी सोडली, हे सगळे. दुरुस्तीच्या सूचना त्यानंतर द्या, किंवा देऊही नका.

हणजूणचा वाचक (म्हापसा)

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण मी हा खेळ खेळलो आहे, आणि विरामाबद्दल आपण जे लिहिले ते वाचून राहवले नाही. कृपया तो काढायला सांगू नका.

म्हापशाच्या ज्या संगणक संस्थेत मी शिकायला जात असे, तेथे 286 यंत्रे (एक्सटीनंतरच्या पिढीचे पीसी) होती आणि पडदे एकरंगी, पिवळसर केशरी अक्षरांचे. हर्क्युलिस या एकरंगी चित्रकार्डावर सीजीएचा आभास निर्माण करणारा एक छोटा प्रोग्राम आधी चालवावा लागे, मगच खेळ सुरू होई. म्हणून निळसर पाणी मी कधी पाहिलेच नाही. आमची मांडवी केशरी होती. वेगही आपल्या एक्सटीहून जास्त असणार. तरीही बोट सुटली की पलीकडच्या काठावर रांगेतली वाहने एकेक करून उमटत जायची. आधी स्कूटर, मग टेम्पो, मग चार माणसे. बोट मध्यावर येईपर्यंत निम्मी रांग दिसलेली असे, आणि उरलेली काय असेल याचा अंदाज बांधत आम्ही बोटीवरची जागा मनात आखून ठेवत असू. शेजारी बसलेले मित्र टेम्पो येणार की मोटार येणार यावर बोलत. बोट लागली की हात चालवायला फार थोडा वेळ मिळे, म्हणून सगळा विचार प्रवासातच उरकावा लागे. आपल्या यंत्राला गणितासाठी वेळ हवा होता हे आज कळले. आम्हाला मात्र तो वेळ विचारासाठी दिलेला आहे असे वाटत होते, आणि खेळाची खरी गंमत तेथेच होती. शिवाय ज्यांनी त्या वर्षांत खरोखर बेतीच्या धक्क्यावर उभे राहून पणजीकडून येणाऱ्या बोटीकडे पाहिले आहे, त्यांना त्या वाट पाहण्याची ओळख आणखी वेगळी सांगावी लागणार नाही. जे पूल झाल्यानंतर जन्मले त्यांना ती या खेळातून मिळेल.

आणखी एक सांगतो. आमच्या प्रतीत रांगेत सायकलीही असत. विद्यार्थ्यांच्या आवृत्तीत त्या दिसतात का?

रेखा व संहिता (वास्को)

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडते. कर्त्याने आपल्या जुन्या कामाकडे परत जाण्याचा एकमेव मार्ग टिपणे लिहिणे हा नाही. तो पुन्हा नवे कामही करू शकतो, आणि त्यासाठी चाहत्यांनी घडवलेली साधने वापरू शकतो.

‘डूम’ या खेळाची संहिता 1997 च्या डिसेंबरमध्ये खुली झाली आणि 1999 मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली. तेव्हापासून चाहत्यांनी तिच्यावर किती आवृत्त्या उभ्या केल्या याला गणती नाही. त्या खेळाचे एक मूळ रचनाकार जॉन रोमेरो यांनी 2016 मध्ये, सुमारे दोन दशकांच्या खंडानंतर, त्याच जुन्या खेळासाठी एक नवा टप्पा रचला आणि लोकांसाठी मोफत ठेवला. 2019 मध्ये ‘सिजिल’ या नावाने नऊ टप्प्यांचा संपूर्ण नवा भाग दिला, आणि 2023 मध्ये खेळाला तीस वर्षे झाली तेव्हा त्याचा दुसरा भाग आला. ही कामे त्यांनी 1993 च्या स्वतःच्या साधनांवर केलेली नाहीत. चाहत्यांनी विकसित केलेला ‘डूम बिल्डर’ हा संपादक त्यांनी वापरला. ज्या समाजाने त्यांचे काम जिवंत ठेवले, त्या समाजाच्या हत्यारांनी त्यांनी पुढचे काम केले, याइतका मोठा सन्मान मला दुसरा दिसत नाही. बेतीकर, आपण विद्यार्थ्यांच्या आवृत्तीत दुरुस्त्या सुचवण्यापेक्षा तिच्यावर एक नवा मार्ग रचा. रायबंदर ते चोडण, किंवा जुने गोवे ते दिवाडी. विराम नको असेल तर त्या नव्या मार्गावर तो ठेवू नका. जुना मार्ग जसा आहे तसा राहू द्या.

दुसरे उदाहरण रिचर्ड गॅरियट यांचे. त्यांच्या ‘अल्टिमा’ या खेळमालिकेच्या आधी, टेक्सासमध्ये शाळेत असताना, त्यांनी दूरमुद्रकाला (कागदावर अक्षरे छापणाऱ्या टेलिटाइपला) जोडलेल्या संगणकावर बेसिक भाषेत भुयारांचे अनेक खेळ लिहिले होते. त्यांना क्रमांक दिलेले असत, आणि अठ्ठाविसाव्यातून पुढे ‘अकालाबेथ’ निघाला. 2014 मध्ये त्यांनी 1977 च्या पहिल्या खेळाची छापील संहिता प्रसिद्ध करून चाहत्यांना आवाहन केले की ती आजच्या यंत्रांवर पुन्हा जिवंत करा, आणि उत्तम प्रयत्नांना आपल्या त्या वेळच्या नव्या खेळातली बक्षिसे दिली. आपल्याकडेही छापील संहिताच आहे, म्हणून हे उदाहरण आपल्याला अधिक लागू पडेल असे वाटते.

त्यात विरामाचाही प्रश्न दडलेला आहे. त्या खेळात पडदा नव्हताच. भिंतींच्या जागी तारांकने, वाटेच्या जागी मोकळी जागा आणि खजिन्याच्या जागी डॉलरचे चिन्ह, असा छोटा नकाशा प्रत्येक चालीनंतर कागदावर छापला जाई. त्या काळातली दूरमुद्रके सेकंदाला सुमारे दहा अक्षरे उमटवत. म्हणजे पुढच्या वळणावर काय आहे हे ओळीओळीने उलगडत असे. आज तोच नकाशा पडद्यावर एका क्षणात उमटवला तर नियम सगळे जुळतील, पण खेळणाऱ्याची अवस्था जुळणार नाही. त्यामुळे म्हापशाच्या सदस्यांचे विरामाबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझा मतभेद फक्त कर्त्याने पुढे काय करावे याबद्दल आहे.

वेगाबद्दल तांत्रिक सूचना: आवर्तने मोजण्याऐवजी खऱ्या घड्याळावर वेग बांधावा, आणि एक्सटी व 286 असे दोन्ही वेग निवडीला ठेवावेत. तसेच कळा दाबल्याच्या नोंदी साठवाव्यात. ‘चॉकलेट डूम’ ही आवृत्ती मूळ खेळातले दोषही जाणूनबुजून जपते, आणि त्यामुळे नव्वदच्या दशकात साठवलेल्या कळांच्या नोंदी तिच्यात चालवल्या तर खेळ जसाच्या तसा पुन्हा उलगडतो. एका जरी ठिकाणी वागणूक बदलली तरी नोंदीतला खेळाडू भिंतीवर आपटत राहतो आणि फरक लगेच लक्षात येतो. एकच कळांची मालिका मूळ प्रतीत आणि नव्या प्रतीत चालवून पाहणे ही विद्यार्थ्यांच्या कामाची सर्वांत कठोर आणि प्रामाणिक परीक्षा ठरेल. दोन्हीकडे वाहनांची रांग ज्या यादृच्छिक अंकांवर ठरते, त्यांची सुरुवात मात्र एकाच अंकाने व्हायला हवी.

वकिली बाजू (मडगाव)

भावनेच्या गोष्टी झाल्या. कागदाचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती आताच निस्तरली तर पुढे कोणालाही त्रास होणार नाही. भारतीय प्रताधिकार कायदा 1957 नुसार संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि संरक्षण कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे राहते. खेळ मोफत वाटला म्हणून हक्क संपत नाही. कलम 52 मध्ये प्रोग्राम चालवून, पाहून, तपासून त्यामागच्या कल्पना समजून घेण्याला मुभा आहे, पण चित्रे आणि संहिता जशीच्या तशी उचलण्याला ती पुरत नाही. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामावर कलम 17 प्रमाणे पहिला हक्क मालकाचा असतो, म्हणून आपण हा खेळ घरी स्वतःसाठी लिहिला होता की कोणाच्या नोकरीत, हे आधी स्वतःशी नक्की करा. आपला असेल तर विद्यार्थ्यांना लेखी परवाना द्या. जीपीएल किंवा एमआयटी यांसारखा प्रचलित परवाना निवडलात तर शब्दरचनेची काळजी उरत नाही.

अमेरिकेतल्या ‘किंग्ज क्वेस्ट’ या खेळाचे चाहते नव्या भागावर वर्षानुवर्षे खपले, आणि हक्कदार कंपन्यांमुळे 2005 मध्ये आणि पुन्हा 2010 मध्ये त्यांना काम थांबवावे लागले. नंतर परवानगी मिळाली, पण तोवर बरीच उमेद खर्च झाली होती. येथे हक्कदारच आनंदाने समोर उभा आहे. ही संधी एका कागदाअभावी वाया जाऊ नये. कलम 57 प्रमाणे कर्ता म्हणून आपले नाव लागण्याचा आणि कृतीचे विद्रूपीकरण रोखण्याचा हक्क, कृती दुसऱ्याला दिल्यावरही, आपल्याकडे राहतोच.

सांखळीहून

बुरशी चढलेली फ्लॉपी कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी वाचकशीर्षावर चिकटते, ते शीर्ष पृष्ठभाग खरवडते, आणि मग त्याच ड्राइव्हमध्ये घातलेल्या पुढच्या फ्लॉप्याही खराब होतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हे फार वेळा घडते. आधी चकतीची काळजीपूर्वक सफाई, मग वाचन, आणि तेही ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारख्या उपकरणाने, जे फाइली न वाचता पृष्ठभागावरचे चुंबकीय बदलच नोंदवून घेते. त्या नोंदीवरून पुढे सावकाश कितीही वेळा अर्थ लावता येतो, फ्लॉपीला पुन्हा हात लावावा लागत नाही. छापील संहितेचीही प्रतिमा आधी काढून घ्या. डॉट मॅट्रिक्सची शाई फिकी होत जाते.

फेरी चमू (फर्मागुडी)

सर, नमस्कार. ज्यांनी हा खेळ पुन्हा लिहिला त्या विद्यार्थ्यांपैकी मी एक. आपण येथे लिहिले आहे हे आजच समजले. आमच्या बाजूने दोन गोष्टी स्पष्ट करायच्या आहेत.

वेगाबद्दल आम्हाला शंका होतीच. आम्ही आधी तो एका जुन्या पेंटियम यंत्रावर चालवायचा प्रयत्न केला, तेव्हा खेळ सुरू होतानाच त्रुटी 200 देऊन बंद पडला. टर्बो पास्कलचा पडदा आणि कळा सांभाळणारा क्रट विभाग आरंभी यंत्राचा वेग मोजतो, आणि यंत्र फार वेगवान असले की त्या भागाकारात गणित मोडते, हे शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. म्हणून डॉसबॉक्सकडे वळलो, आणि तेथे मूळ वेग सांगणारे कोणीच नसल्याने दिलेला वेग धरून चाललो. आता एक्सटी आणि 286 असे दोन्ही वेग ठेवू, आणि म्हापशाच्या काकांसाठी केशरी पडद्याचीही सोय करू.

विरामाबद्दल मात्र आम्ही विचारपूर्वक ठरवले होते. आमच्यापैकी एकाने पहिल्या आठवड्यातच तो काढून पाहिला होता. तेव्हा खेळ खूप सोपा आणि खूप दमवणारा, दोन्ही एकदम झाला. रांग तयारच दिसत असल्याने अंदाज बांधायला काही उरत नव्हते, आणि एका फेरीनंतर लगेच दुसरी, अशी नुसती घाई होत होती. म्हणून आम्ही तो परत घातला.

सायकली आमच्याकडच्या प्रतीत नाहीत. आपल्या छापील संहितेत त्या आहेत का? आणि आणखी एक प्रश्न: भरती-ओहोटीचे चक्र आम्ही मोजले तेव्हा दोन भरत्यांची उंची समान आली नाही. एक नेहमी थोडी कमी असते. हे मुद्दाम केले होते का?

बेतीकर (पर्वरी)

सर्वांचे मनापासून आभार. विरामाबद्दलचे माझे मत मी बदलले आहे. म्हापशाच्या सदस्यांनी खेळताना जे अनुभवले आणि चमूने विराम काढून जे तपासले, ते एकमेकांशी इतके जुळते की माझ्या मूळ हेतूला तेथे फारसे वजन राहत नाही. विराम राहील. मात्र तो का आला होता याची टीप मी संहितेशेजारी लिहीन, कारण फोंड्याच्या सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे ती मीच देऊ शकतो. टिपणवही पुन्हा उघडली तेव्हा दिसले की त्या काळात मी तो वेळ कमी करण्यासाठी पुष्कळ खटपट केली होती, आणि पाने भरून हिशेब मांडले होते. तेही चमूला पाठवत आहे. त्यातून 1990 मध्ये एक रांग तयार करायला यंत्राला नेमके काय काय करावे लागे ते समजेल.

भरतीबद्दल: होय, ते मुद्दाम होते. मांडवीत दिवसातून दोनदा भरती येते, पण दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. धक्क्यावर काम करणाऱ्या खलाशांना हे तोंडपाठ असे, आणि मी ते त्यांच्याकडूनच समजून घेऊन वर्तमानपत्रात छापल्या जाणाऱ्या भरतीच्या वेळांशी ताडून पाहिले होते. खेळात कमी उंचीच्या भरतीला उतार पूर्ण सपाट होत नाही, म्हणून जड टेम्पो मोठ्या भरतीसाठी राखून ठेवणारा खेळाडू पुढे जातो. ही गोष्ट आजवर कोणी माझ्याजवळ बोलून दाखवली नव्हती. तुम्ही ती मोजून काढलीत याचे मला फार समाधान वाटते. कोणतीही दुरुस्ती करताना हा फरक तेवढा राहू द्या, एवढी एकच विनंती मी कर्ता म्हणून करतो.

खेळ मी घरी, स्वतःच्या यंत्रावर लिहिला होता, त्यामुळे हक्काची अडचण नाही. एमआयटी परवान्याचा कागद तयार करून चमूला देईन. फ्लॉप्यांना हात लावलेला नाही. सांखळीच्या सदस्यांनी जवळपास अशी सफाई आणि वाचन करणारे कोणी ठाऊक असल्यास कळवावे. रायबंदर ते चोडण मार्गाची कल्पना मनात घोळू लागली आहे. तेथे पाण्याची रुंदी आणि गर्दी दोन्ही निराळ्या, आणि खारफुटीच्या कडेने जाणारा मार्ग असल्याने रांगेचे गणित वेगळे मांडावे लागेल. तो मार्ग चमूच्याच संहितेवर लिहीन, त्यांची हरकत नसेल तर.

सायकली मात्र माझ्या नाहीत. छापील संहितेत त्या नाहीत आणि वहीतही नाहीत. त्या वर्षांत मी संहितेची एक फ्लॉपी एका परिचिताला शिकण्यासाठी दिली होती. तिच्यावरून कोणीतरी सायकली घातल्या असाव्यात. म्हणजे माझ्या खेळाची पहिली फेररचना तेव्हाच झाली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ज्यांच्याकडे सायकली असलेली प्रत असेल, किंवा ज्यांनी त्या घातल्या असतील, त्यांनी या धाग्यावर अवश्य लिहावे. चमूने ती आवृत्तीही निवडीला ठेवावी आणि ज्याने ती केली त्याचे नाव माझ्या नावाशेजारी लावावे, अशी माझी इच्छा आहे.